सरकारी विद्यापीठाची फी का वाढते, आणि खर्च नेमका कुठे आवरता येतो?

पठारावरून (धागाकर्ता)

गोव्यात प्रवेशाचे दिवस आले की तोच वाद. संघटना निवेदन देतात, विद्यापीठ म्हणतं खर्च वाढला, सरकार म्हणतं आम्ही अनुदान देतोच आहोत, आणि पालक पावती उलटीसुलटी करून बघतात. पावतीवर नुसतं शिकवणी शुल्क नसतं. ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, संगणक, विद्यार्थी कल्याण, परीक्षा, नोंदणी, वर अनामत.

इथे हिशेब कळणारी मंडळी आहेत म्हणून विचारतो. पगार सरकार देतं, तर फी कशाला वाढते? काटकसर खरोखर कुठे होते आणि कुठे नुसती कागदावर? आणि फी गोठवली तर काय होतं? कुठल्या सरकारने काय केलं यात कृपया शिरू नका, त्याला वेगळा धागा काढा.

हिशेबनीस

विद्यापीठाचा खर्च म्हणजे मुख्यतः पगार, बाकी सगळं त्याच्या मागून. आणि पगार कोणी काही ठरवलं नाही तरी आपोआप चढतो.

सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. २०१६ च्या सुरुवातीला महागाई भत्ता शून्य होता. तेव्हा लागलेल्या माणसाला बढती मिळालीच नाही असं धरलं तरी वर्षाच्या ३ टक्के वाढीने नऊ वाढींत तो ७५,२०० वर येतो. त्यावर जुलै २०२५ चा केंद्राच्या दराने ५८ टक्के महागाई भत्ता लावा. झाले १,१८,८१६. घरभाडे आणि पेन्शनचा वाटा अजून धरलेलाच नाही. माणूस तोच, आठवड्याचे तास तेच, वर्गात मुलं तेवढीच, खर्च मात्र दुप्पट.

अर्थशास्त्रात याला बॉमोलचा आजार म्हणतात. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या नाटक-संगीताच्या संस्थांचा हिशेब तपासताना हे मांडलं. कारखान्यात पगार वाढतो तेव्हा यंत्रामुळे माणशी उत्पादनही वाढलेलं असतं. तासाचं व्याख्यान मात्र तासाभरातच होतं. तरी पगार बाहेरच्या बरोबरीने द्यावाच लागतो, नाहीतर शिकवायला येणार कोण?

आता एक विभाग डोळ्यांसमोर आणा, आकडे उदाहरणापुरते. पगार वर्षाला १ कोटी २० लाख, इतर खर्च २० लाख. एमएस्सीच्या दोन्ही वर्षांच्या मिळून ८० जागा. माणशी खर्च १ लाख ७५ हजार, फी ३० हजार. ती १० टक्क्यांनी वाढवली की तिजोरीत येतात २ लाख ४० हजार. त्याच वर्षी नुसत्या ३ टक्के वेतनवाढीने पगार वाढला ३ लाख ६० हजारांनी. महागाई भत्त्याचे दोन हप्ते वेगळे. म्हणजे ज्या वाढीवर मोर्चा निघतो, ती साध्या वार्षिक वेतनवाढीलाही पुरत नाही.

उरलेलं अनुदानातून यायला हवं, आणि गोची तिथेच आहे. सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी वाढीव बोजाचे ८० टक्के केंद्राने मार्च २०१० पर्यंत उचलले. सातव्याला ५० टक्के, तेही १ जानेवारी २०१६ ते ३१ मार्च २०१९ एवढेच. मुदत सरली की केंद्राची मदत थांबते, पगार थांबत नाही.

आल्त_पर्वरी

हिशेबनीस बाब, हिशेब चोख. यात तूट भरून देण्याच्या पद्धतीची भर घालतो, कारण काटकसर का होत नाही याचं निम्मं उत्तर तिच्यात आहे.

जुनी रीत अशी: मान्य खर्चातून विद्यापीठाचं स्वतःचं उत्पन्न वजा करायचं आणि उरलेली तूट सरकारने भरायची. ऐकायला न्याय्य वाटतं. पण विद्यापीठाने सभागृह भाड्याने देऊन किंवा सल्लागारीतून १० लाख कमावले, की पुढच्या वर्षी अनुदानातून तेवढेच कापले जातात. विजेचे ५ लाख वाचवले तरी तेच. मग हातपाय कोण हलवणार? मार्चमध्ये खुर्च्या आणि प्रिंटर यांची खरेदी निघते ती यामुळे. शिल्लक परत जाण्यापेक्षा खुर्ची बरी.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (युजीसी) न्यायमूर्ती पुन्नय्या समितीने १९९२-९३ मध्येच हे सांगितलं होतं. विद्यापीठांनी आवर्ती (दर वर्षी होणाऱ्या) खर्चाचे १५ टक्के स्वतः उभे करावेत, दहा वर्षांत ते २५ टक्क्यांवर न्यावेत, आणि उभं केलेलं अनुदानातून कापू नये. पहिला भाग सगळ्यांना पाठ आहे. दुसरा सोयीने गळतो.

आणि ८० जागांचा हिशेब तेव्हाच खरा, जेव्हा ८० मुलं बसतील. ५२ च भरल्या तर माणशी खर्च पावणेदोन लाखांवरून २ लाख ६९ हजारांवर जातो. खर्च एका पैशाने वाढलेला नसताना.

केपेकरीण

एक शंका. आमच्या भागातल्या पालकांना पडणारा प्रश्न असा, की एकाच कॉलेजात बीएची फी इतकी कमी आणि बीसीएची इतकी जास्त का? इमारत तीच, ग्रंथालय तेच, प्राचार्य तेच.

हिशेबनीस

ताई, बीए, बीएस्सी, बीकॉमचे मंजूर अनुदानित अभ्यासक्रम असले की मंजूर पदांचे पगार सरकारकडून येतात. विनाअनुदानित अभ्यासक्रमात तो सगळा पगार फीतून काढावा लागतो. इमारतीचं भाडं कोणीच लावत नाही, म्हणून फरक दिसतो तो जवळजवळ निव्वळ पगाराचा असतो. अनुदानित वर्गातल्या मुलाला आपल्यावर खरा खर्च किती होतो ते कळत नाही, आणि बीसीएच्या पालकाला वाटतं आपल्याला लुटलं. एका अर्थाने बीसीएची पावती जास्त प्रामाणिक.

वीजवाला_वास्को

पगारावर बोलून झालं असेल तर वीजबिलावर येऊ या, कारण इथे एक पैसाही न गुंतवता बचत होते.

उच्चदाबाच्या जोडणीचं बिल दोन भागांत असतं: वापरलेले युनिट आणि मागणी आकार. मागणी आकार केव्हीएवर, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली त्यावर, लागतो आणि तो करारातल्या मागणीच्या ठरावीक टक्क्यांखाली येत नाही. ८५ टक्के धरा, आपल्याला लागू असलेला नियम दरपत्रकात बघून घ्या. समजा करार ८०० केव्हीएचा आहे आणि वर्षभरात मीटरने दाखवलेली कमाल मागणी ५२० आहे. तरी बिल ६८० वर येणार. १६० केव्हीएचे फुकटचे पैसे. दर केव्हीएला महिन्याला २५० धरला तर वर्षाचे ४ लाख ८० हजार. करार कमी करायला एक अर्ज लागतो. फक्त मागची १२ बिलं काढून एप्रिल-मेची कमाल मागणी बघा, तिच्यावर १० टक्के वाढीव ठेवा आणि मगच अर्ज करा. पावसाळ्यातला आकडा बघून करार खाली आणला तर मे महिन्यात जादा मागणीचा दंड बसतो आणि बचत धुऊन जाते.

दुसरं, पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतली कामी किती येते ते प्रमाण) सांभाळणारं कपॅसिटर पॅनेल. खाऱ्या दमट हवेत त्यातले कॉन्टॅक्टर (आपोआप चालणारे स्विच) दोन-तीन पावसाळ्यांत कुरतडले जातात, पॉवर फॅक्टर घसरतो आणि बिल चढतं. पॅनेल भिंतीवर दिमाखात असतं, म्हणून कोणाला संशय येत नाही. बिलावरचा पॉवर फॅक्टर दर महिन्याला एका वहीत उतरवला तरी पुरे.

सौर ऊर्जा: १०० किलोवॅटला साधारण हजार चौरस मीटर छप्पर लागतं, वर्षाला १ लाख ४० हजारांच्या आसपास युनिट निघतात, जून ते ऑगस्ट उत्पादन पडतं. भांडवल नसेल तर कंपनी स्वखर्चाने पॅनेल बसवते आणि २५ वर्षं ठरलेल्या दराने वीज विकते. त्या करारात एक कलम जरूर घाला: स्लॅब गळला तर पॅनेल उचलून परत बसवण्याचा खर्च कोणाचा. गोव्यात हे कलम नसेल तर पाचव्या पावसाळ्यात भांडण ठरलेलं. स्लॅबला भोक पाडून अँकर मारण्याऐवजी वजनाच्या काँक्रीट ठोकळ्यांवर सांगाडा उभा करणं बरं, पण आधी स्लॅब तेवढं वजन पेलतो का ते अभियंत्याकडून लिहून घ्या.

पठारावरून

आणि दुरुस्ती? तिच्यावर खर्च कमी केला की फी कमी ठेवता येते, असं एका बैठकीत ऐकलं.

वीजवाला_वास्को

ती बचत नव्हे, कर्ज आहे. मे महिन्यात गटारी आणि छपराच्या पन्हळी साफ केल्या नाहीत, तर पाणी स्लॅबवर तुंबतं, मुरतं, आतली सळी गंजून फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे पडायला लागतात. मजुरांच्या दोन दिवसांचं काम टाळलं की पाच-सहा वर्षांनी अख्ख्या मजल्याची दुरुस्ती निघते. ती निविदा मग "विकास शुल्क" म्हणून पावतीवर येते.

प्रश्नपत्रिका

परीक्षा शुल्काबद्दल गैरसमज असा आहे की तो निव्वळ नफा. पेपर काढणं, तपासणं, फेरतपासणी, छपाई, वाहतूक, केंद्रावरचं पर्यवेक्षण, निकालाचं सॉफ्टवेअर, गुणपत्रिकेचा सुरक्षित कागद, यात तो जातो. खर्च कमी होतो तो पेपर केंद्रावर कुलूपबंद पद्धतीने ऑनलाइन पाठवून तिथेच छापण्याने. मोठ्या छापखान्याचं आणि गाड्यांचं काम वाचतं. यात केंद्रावर दोन प्रिंटर आणि एक जनरेटर लागतोच. एकाच प्रिंटरवर ३०० प्रती काढायला घेतल्या आणि कागद अडकला, की पेपर अर्धा तास उशिरा सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी.

उत्तरपत्रिकेची पानं कमी करून बचत होते हा समज सोडा. पानं कमी केली की पुरवण्यांची मागणी वाढते. पुरवणी बांधणं, क्रमांक घालणं, हरवली तर चौकशी. हिशेब उलटा बसतो.

आता एक अवघड गोष्ट. कॉलेज स्वायत्त झालं की परीक्षा तेच घेतं आणि ते शुल्कही त्याच्याकडे राहतं. पदवी मात्र विद्यापीठाचीच, म्हणजे नोंदणी, पदवीपत्र, दीक्षान्त सगळं चालूच. परीक्षा विभागातली माणसं कमी होत नाहीत, त्यांच्या पगाराला लागणारी मुलांची संख्या कमी होते. म्हणून उरलेल्या कॉलेजांच्या मुलांना शुल्कवाढ बसते. स्वायत्तता वाईट असं नव्हे, पण हा हिशेब कोणी मांडत नाही.

आल्त_पर्वरी

जीएसटी विसरू नका. शिक्षणावर जीएसटी नाही हे अर्धसत्य. विद्यार्थ्याच्या फीवर नाही. पण सुरक्षारक्षक आणि साफसफाईच्या कंत्राटावरची सूट फक्त बारावीपर्यंतच्या शाळांना आहे. विद्यापीठाला आणि कॉलेजांना १८ टक्के भरावे लागतात, आणि फीवर कर नसल्यामुळे तो भरलेला कर कुठे वळताही करता येत नाही. ५० लाखांच्या कंत्राटावर ९ लाख सरळ खर्च.

कॉलेजं विद्यापीठाला भरतात त्या संलग्नता शुल्काचं तर महाभारत झालं. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो असं परिपत्रक काढलं. पुढे २०२५ मध्ये गोवा विद्यापीठाच्याच याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो लागत नाही असा निकाल दिला. तसं झालं नसतं तर कॉलेजांनी तो कर दुसऱ्या कुठल्या तरी शीर्षाखाली मुलांकडूनच काढला असता.

आणि कंत्राटात सर्वांत कमी बोलीच्या मागे लागू नका. किमान वेतन, १२ टक्के भविष्य निर्वाह निधी, ३.२५ टक्के राज्य कामगार विमा, ८.३३ टक्के बोनस एवढं जोडून जो आकडा येतो, त्याच्या खालची बोली म्हणजे ठेकेदार यातलं काहीतरी बुडवणार. तो पळाला तर ज्याच्यासाठी काम झालं तो मूळ मालक म्हणून वसुली विद्यापीठाकडे येते. तुलना फक्त ठेकेदाराच्या सेवा शुल्काची करायची.

साळावली

तुम्ही सगळे पणत्या विझवताय आणि मोठा दिवा तसाच जळतोय. खरा पैसा वेळापत्रकात आहे.

युजीसीच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवणं आहे, सहयोगी आणि प्राध्यापकांना १४. चार श्रेयांकांचा (क्रेडिटचा) एक ऐच्छिक पेपर आठवड्याचे ४ तास खातो. म्हणजे प्रत्येक सत्रात चार ऐच्छिक पेपर वाढवले की एक पूर्ण पद गेलं. नव्याने लागलेल्या सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन आणि वरचा जुलै २०२५ चा भत्ता मिळून वर्षाचे अकरा लाखांच्या जवळपास होतात. ते वर्षाच्या दोन सत्रांतल्या आठ पेपरांवर वाटा: एका पेपराला सुमारे १ लाख ३७ हजार. त्या पेपराला सहा मुलं बसली तर माणशी २२,८००. तीस बसली तर ४,६००.

२०२३-२४ पासून गोव्यात नवीन शैक्षणिक धोरणाचा चार वर्षांचा आराखडा आला. त्यात आंतरविद्याशाखीय, कौशल्याधारित, मूल्यवर्धित अशा टोपल्या, म्हणजे मुलाने ज्यांतून पेपर निवडायचे ते गट, आहेत. प्रत्येक विभागाला वाटतं आपला पेपर टोपलीत हवा, नाहीतर कार्यभार गेला आणि पदही गेलं. मग ४० पर्याय छापले जातात आणि १५ पर्यायांना आठ-दहा मुलं येतात. उपाय तिघांच्या हातात आहे. विद्यापीठाने किमान संख्या ठरवावी आणि ती नाव नोंदणीच्या आधी जाहीर करावी, नंतर नव्हे. दोन-तीन विभागांचे सारखे पेपर एक करावेत. संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र चार विभागांत चार वेळा शिकवायची गरज नाही. जवळच्या कॉलेजांनी एकच वेळ ठरवून मुलांची देवाणघेवाण करावी, पण कदंबच्या (सरकारी) बसचं वेळापत्रक बघून. नाहीतर साखळीहून येणाऱ्या मुलाला पेपर मिळतो आणि बस मिळत नाही.

गोवा विद्यापीठाने छोटे विभाग मोठ्या स्कूलमध्ये एकत्र केले, मराठी-कोंकणीसकट भाषा शणै गोंयबाब भाषा आणि साहित्य महाशाळेत आल्या, ते या दृष्टीने बरोबरच. पण नुसत्या पाट्या बदलून कार्यालयं, लिपिक आणि प्रयोगशाळांची खरेदी वेगवेगळीच राहिली, तर त्यातून बचत शून्य.

केपेकरीण

मग लेक्चर बेसिसवर (तासाप्रमाणे पैसे देऊन) माणसं घेतली तर? सगळीकडे तेच चाललंय.

साळावली

स्वस्त आहे यात वाद नाही. युजीसीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत अतिथी शिक्षकाला तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० आहेत. नियमित नव्या माणसाचे मूळ वेतन आणि भत्ता मिळून ९१ हजार. पण अतिथी शिक्षक पीएचडीचे विद्यार्थी घेत नाही, प्रकल्प आणत नाही, प्रवेश-परीक्षेची कामं त्याला देता येत नाहीत. ती उरलेल्या नियमित लोकांवर पडतात. प्रकल्पच आले नाहीत तर त्यातून मिळणारा संस्थेचा वाटाही गेला. आणि डिसेंबरमध्ये तो दुसरीकडे लागला, की अर्ध्या सत्रात पेपर लटकतो. एक-दोन जागांना ठीक, विभागाचा कणा म्हणून नाही. माणसांची फरफट होते ती वेगळी.

ग्रंथपाल_नाही

नियतकालिकांचा खर्च हा एके काळी दर वर्षी चढणारा आकडा होता. १ जानेवारी २०२५ पासून केंद्राची एक राष्ट्र एक सदस्यता योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिकं, इन्फ्लिबनेट या युजीसीच्या केंद्रामार्फत. सरकारी विद्यापीठांनी आपली जुनी वर्गणी यादी समोर ठेवून जे जे यात आलं ते बंद करायला हवं. सवयीने जुनं नूतनीकरण पत्र मंजूर झालं की दोनदा पैसे जातात. खासगी अनुदानित कॉलेजांना एन-लिस्ट ही ऑनलाइन वाचनाची योजना आहे, तीही वर्षाला काही हजारांत. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर कोहा, शिकवणीचं मूडल, दोन्ही मोफत. पण सांभाळायला एक कळणारा माणूस हवा, तो मोफत नसतो.

प्रश्नपत्रिका

उपकरणांचंही तेच. प्रकल्पातून महागडं यंत्र येतं, हमीची वर्षं आनंदात जातात, आणि मग वार्षिक देखभाल करार विद्यापीठाच्या गळ्यात. खरेदीच्या वेळीच पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचा दर निविदेत गोठवून घ्या. नंतर मागितला तर विक्रेता एकच असतो आणि तो सांगेल तो भाव. एनएमआरसारख्या (रेणूंची रचना तपासणाऱ्या) यंत्राला द्रव नायट्रोजन आणि हेलियम भरत राहावंच लागतं, बंद ठेवून पैसे वाचत नाहीत.

पठारावरून

तिसऱ्या प्रश्नाचं कोणीच बोललं नाही. फी गोठवली तर?

हिशेबनीस

अमेरिकेतलं पर्ड्यू विद्यापीठ नेहमी पुढे केलं जातं. २०१३ पासून त्यांनी राज्यातल्या मुलांची फी ९,९९२ डॉलरवर रोखली. खरं आहे. पण त्याच काळात मुलांची संख्या बरीच वाढवली, आणि बाहेरच्या राज्यातल्या मुलाची फी तिथे २८,७९४ डॉलर, जवळजवळ तिप्पट. ती मुलं गोवा विद्यापीठाच्या पठारावर कुठून आणणार?

इंग्लंडने २०१७ मध्ये कमाल फी ९,२५० पौंड केली आणि २०२५ मध्ये ९,५३५ होईपर्यंत तिथेच ठेवली. मधल्या महागाईने तिची खरी किंमत घसरली. विद्यापीठांनी खड्डा परदेशी विद्यार्थ्यांच्या जादा फीतून भरला. जानेवारी २०२४ पासून कुटुंबीयांच्या व्हिसाचे नियम आवळले, परदेशी मुलं रोडावली आणि अभ्यासक्रम बंद करायची पाळी आली.

आपल्याकडे गोठवलेली फी दोन वाटांनी बाहेर येते. एक, शिकवणी शुल्क तेच आणि "इतर" शीर्षकं वाढलेली. दोन, रिकामी पदं न भरणं. दुसरी वाट पावतीवर कधीच दिसत नाही, म्हणून ती सगळ्यांना आवडते.

आल्त_पर्वरी

म्हणून पाच वर्षं शून्य आणि सहाव्या वर्षी एकदम ४० टक्के, यापेक्षा दर वर्षी ठरलेल्या सूत्राने ४-५ टक्के बरे. आणि प्रवेश घेतलेल्या तुकडीला तिचा अभ्यासक्रम संपेपर्यंत तोच दर, वाढ फक्त नव्या तुकडीला. पालकाला पूर्ण पदवीचा खर्च पहिल्याच दिवशी कळतो. ज्याला तेही जड, त्याला फी सगळ्यांची कमी ठेवण्यापेक्षा थेट मदत द्यावी. गोव्यात गरजू मुलांना फीची मदत देणारी बर्सरी योजना आहे, गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी शैक्षणिक कर्ज आहे. अडचण अशी की बर्सरीचा पैसा नंतर येतो आणि फी आधी भरायची असते. विद्यापीठाने अर्जाची पोच दाखवणाऱ्याला हप्ते दिले तर निम्मा त्रास तिथेच संपतो. त्याला खर्च काही नाही.

केपेकरीण

हे सगळे आकडे आम्हाला बघायला कुठे मिळतील? संघटनेच्या मुलांना सांगायचं तर काय मागायला सांगू?

हिशेबनीस

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली अंदाजपत्रक आणि झालेला खर्च विद्यापीठाने स्वतःहून जाहीर करायचा असतो. संकेतस्थळावर नसेल तर १० रुपयांचा अर्ज. "फी का वाढवली" असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही, कारण "का" ही माहिती नव्हे असं सांगून अर्ज परत येतो. कागद मागा. मागच्या पाच वर्षांचे वार्षिक लेखे. शीर्षकवार फी जमा आणि त्याच शीर्षकाखालचा खर्च. विभागवार मंजूर जागा आणि ३० सप्टेंबरला प्रत्यक्ष प्रवेश. मंजूर, भरलेली आणि रिकामी पदं. दहापेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या ऐच्छिक पेपरांची यादी. बारा महिन्यांची वीजबिलं.

लेख्यांत आधी "राखीव निधी" आणि मुदत ठेवींचं पान उघडा. जिमखाना किंवा विद्यार्थी कल्याणाच्या नावाने घेतलेली रक्कम वर्षानुवर्षं तिथे साचलेली दिसली, तर त्या शीर्षकाची वाढ थांबवा अशी मागणी आकड्यासकट करता येते.